हिरवं झाल्यावर

रोज सकाळी आठ वाजता चहाचा कप विसळून झाला की मी खिडकीजवळच्या खुर्चीत बसते, चष्मा पुसते आणि मोबाईलवर एक खेळ उघडते. खेळ कसला, एक रंगीत चौकोन. आधी तो लाल असतो. लाल असेपर्यंत हात लावायचा नाही. मग कधीतरी, दोन सेकंदांनी म्हणा, पाच सेकंदांनी म्हणा, तो एकदम हिरवा होतो. हिरवा झाला की बोट टेकवायचं. किती उशिरा टेकवलं ते लगेच खाली दिसतं, सेकंदाच्या हजाराव्या भागात. असं पाच वेळा करायचं आणि शेवटी सरासरी येते. लाल असतानाच बोट टेकलं तर घाई केलीत अशा अर्थाचं काहीतरी येतं आणि तो डाव पुन्हा खेळावा लागतो.

घाई केलीस, मागे हो, हे मी आयुष्यभर दुसऱ्यांना सांगत आले. मी पी.टी.ची बाई. नगरच्या एका मुलींच्या शाळेत बत्तीस वर्षं मी शिट्टी गळ्यात अडकवून काढली. शर्यत सोडायचं काम माझं. पिस्तूल वगैरे आमच्या शाळेला कधी मिळालं नाही. बिजागरीने जोडलेल्या दोन लाकडी फळ्या होत्या, त्याला क्लॅपर म्हणायचं. ‘सेट’ म्हटल्यापासून फळ्या आपटेपर्यंत किती थांबायचं, ते मी दरवेळी बदलायची, म्हणजे मुलींना अंदाज बांधता येऊ नये. काही शहाण्या तरी बांधायच्याच. त्यांना मी बरोबर पकडायची. कुणाची टाच आधी उचलली गेली, कुणाचा खांदा आधी हलला, हे मला फळ्या आपटता आपटता दिसायचं. त्यामुळे मी मुलींमध्ये फार लोकप्रिय होते असं नाही.

शंभर मीटर पलीकडे, चुन्याच्या फक्कीने आखलेल्या शेवटच्या रेघेवर, माझे यजमान घड्याळ घेऊन उभे असायचे. ते त्याच शाळेत गणित शिकवायचे आणि क्रीडा महोत्सवाला त्यांना धरून आणावं लागायचं. पण एकदा घड्याळ हातात आलं की ते कुणाचं ऐकत नसत. नव्या मास्तरांना सांगायचे, ‘आवाज ऐकून घड्याळ दाबू नका, फळ्या मिटताना बघून दाबा. आवाज इथवर येईपर्यंत पोरगी निघालेली असते.’ सहा वर्षांपूर्वी ते गेले. घड्याळ माझ्याकडे आहे. ते आता चालत नाही, पण दोरी अजून मजबूत आहे.

आता मी केडगावला एकटी राहते. पुणे रस्त्यापासून आत दुसरी गल्ली, दुसरा मजला. खाली एक शेतकरी कुटुंब राहतं. त्यांची शेती कर्जतकडे आहे, पोरींच्या शाळेसाठी ती मंडळी इथे येऊन राहिली. मुलगा, सून आणि नात पुण्याला. पुण्याची प्रत्येक एसटी आमच्या घराजवळून जाते. तीन तासांत पोचता येतं. मुलगा म्हणतो, ‘आई, इतकं जवळ आहे, कधीही येऊ शकतो.’ कधीही येता येत असलं की माणूस कधी येत नाही, असा माझा अनुभव आहे.

इथे राहून मला जी काही माणसं भेटायची ती माझ्या स्कूटरमुळे. रविवारी सकाळी उपासनेला नगरातल्या चर्चमध्ये, म्हणजे आमच्या देवळात जायचं, दारात चार जणींना सलाम करायचा, येताना कबरस्तानात यजमानांपाशी दहा मिनिटं थांबायचं. आठवड्यातून दोन-तीनदा शाळेच्या मैदानावर जायचं. तिथे आता नव्या बाई आहेत. मला कुणी बोलावत नव्हतं, पण कडेला उभं राहायला कुणी हरकतही घेत नव्हतं. एखादी मुलगी चुकीची वाकलेली दिसली की मी तिथूनच ओरडायची, ‘नजर खाली!’ ती दचकून बघायची आणि नजर खाली करायची. तेवढ्यावर माझा दिवस निघायचा. स्कूटर नसली तर मी दुसऱ्या मजल्यावरची एक म्हातारी, बाकी काही नाही.

आणि तीच स्कूटर गेल्या वर्षी दिवाळीनंतर घेऊन मी पडले. पडले म्हणजे, देवीच्या मंदिराच्या रस्त्याने भाजी घेऊन येत होते, कडेला एक टेम्पो उभा होता, त्याच्या ड्रायव्हरने मागेपुढे न बघता दार उघडलं. मी ब्रेक दाबला. दाराला लागले नाही, पण गाडी आडवी झाली, मनगट मुरगळलं आणि अर्धा रस्ता टोमॅटोंनी भरला. चूक शंभर टक्के त्या टेम्पोवाल्याची. त्याला मी तिथेच उभं करून पाच मिनिटं झाडलं. माझ्या मते प्रकरण संपलं होतं.

पण खालच्या वहिनींनी माझ्या मुलाला फोन लावला. त्यांच्याकडे त्याचा नंबर आहे, अडीअडचणीला म्हणून त्यानेच दिलेला.

“बाई गाडीवरनं पडल्या,” त्या म्हणाल्या. “पर लई न्हाई लागलं. काळजीचं काय कारन न्हाई.”

मुलाने त्यातला एकच शब्द ऐकला, पडल्या. संध्याकाळी त्याचा फोन आला.

“आई, बास आता. गाडी विकून टाकू.”

“टेम्पोवाल्याची चूक होती.”

“असेल. पण तुला वेळेत थांबता आलं नाही ना?”

हे वाक्य मला झोंबलं. बत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या टाचा पकडलेल्या बाईला तिचा मुलगा सांगतो की तुला वेळेत थांबता आलं नाही. मी म्हणाले, तपासून बघ मग. कशानेही तपास. मला वाटलं तो गप्प बसेल. पण दुसऱ्या दिवशी सुनेने हा लाल-हिरवा खेळ शोधून पाठवला आणि मुलाने नियम ठरवला. रोज सकाळी खेळायचं, सरासरीचा फोटो, म्हणजे स्क्रीनशॉट, त्याला पाठवायचा. आकडा साडेचारशेच्या आत असेल तर गाडी माझी. सलग तीन दिवस साडेचारशेच्या वर गेला, तर किल्ली त्याची.

नियम मला पटला. सलग तीन दिवस, हे फार पटलं. एक दिवस कुणाचाही वाईट जातो. शर्यतीतही आम्ही पहिल्या फाउलला ताकीदच द्यायचो.

पहिल्या दिवशी चारशे तीस आले. मी खेळ समजून घेतला. बोट काचेपासून तांदळाच्या दाण्याइतकं वर धरायचं, जास्त नाही. मनगट मांडीवर टेकवायचं. हिरव्या रंगाची वाट बघायची नाही, फक्त बोटाकडे लक्ष ठेवायचं. मुलींना मी हेच सांगायची, आवाजाची वाट बघू नका, मागच्या पायात लक्ष ठेवा. आठवडाभरात मी तीनशे साठवर आले. एकदा तर तीनशे एकेचाळीस. इतका आनंद झाला की मी खाली जाऊन वहिनींना सांगितलं. त्या मेथी निवडत होत्या.

“तीनशे एकेचाळीस म्हंजी चांगलं का वाईट?” त्यांनी विचारलं.

“चांगलं. जितकं कमी तितकं चांगलं.”

“साखरेवानी म्हना की,” त्या म्हणाल्या आणि पुन्हा मेथी निवडायला लागल्या.

मुलाला फोटो पाठवला. त्याच्याकडून अंगठा आला. तो पिवळा अंगठा, सगळे पाठवतात तो. तीनशे साठलाही अंगठा आला होता, तीनशे एकेचाळीसलाही अंगठाच. मी म्हटलं ठीक आहे, कामात असेल.

इथे कुणीही विचारील की बाई, तुम्हाला बोलावंसं वाटतं तर तुम्हीच फोन का करत नाही. करते ना. पण मी फोन केला की तो उचलल्याबरोबर विचारतो, ‘काय झालं?’ काहीच झालेलं नसतं. मग मी म्हणते, काही नाही, सहज. तो म्हणतो, बरं. मागे कुणीतरी बोलत असतं. सहजला पुढे काही वाक्य नसतं. तो वाईट मुलगा नाही. औषधं घरपोच येतात, पाण्याचा फिल्टर बिघडला की माणूस येतो, सगळं तो तिथून बघतो. फक्त गप्पा त्याला तिथून मारता येत नाहीत.

डिसेंबरातल्या एका गुरुवारी मी खेळत असताना कुकरची शिट्टी झाली आणि मी दचकले. एक डाव पार बिघडला. सरासरी चारशे एकाहत्तर आली. वाईट वाटलं, पण नियम तो नियम, फोटो पाठवला. अर्ध्या मिनिटात फोन वाजला.

“आई, काय गं? झोप झाली नाही का? बीपीची गोळी घेतलीस?”

घेतली, म्हटलं. कुकर वाजला, म्हटलं. तो हसला. गुरुवारी तो घरूनच काम करतो, त्यामुळे घाईत नव्हता. काळजी उतरल्यावर त्याचा आवाज सैल झाला आणि तो बोलायला लागला. नातीने शाळेत भाषणात काय गोंधळ घातला, समोरच्या इमारतीत कुणी कबुतरं पाळलीत, त्याला हल्ली पाठीचा त्रास होतो. मी त्याला पाठीचे दोन व्यायाम सांगितले. त्याने फोन चालू ठेवून ते करून बघितले आणि आई गं म्हणून ओरडला. सोळा मिनिटं बोललो आम्ही. फोन ठेवल्यावर मी मोबाईलमध्ये वेळ बघितली, म्हणून माहीत आहे.

पुढच्या गुरुवारी तीनशे पंचावन्न आले. मी त्या आकड्याकडे बघत बसले. हा पाठवला तर अंगठा. मी खेळ पुन्हा सुरू केला आणि या वेळी हिरवं झाल्यावर थांबले.

थांबणं वाटतं तितकं सोपं नाही. जास्त थांबलं तर सातशे येतात आणि मुलगा डॉक्टरकडे नेईल. कमी थांबलं तर चारशे दहा, म्हणजे अंगठा. मला हवे होते चारशे साठ, चारशे सत्तर. मग मी युक्ती काढली. हिरवं झालं की मनात एकदा ‘हं’ म्हणायचं आणि मग बोट टेकवायचं. छोटा ‘हं’. त्याचा सराव करावा लागला. रोज सकाळी खरा खेळ झाला, फोटो पाठवला की मी वीस-पंचवीस डाव ‘हं’चे खेळायची. कुणाला वाटेल बाईचं डोकं फिरलं. पण सराव मला आवडतो, आणि सकाळच्या वेळी दुसरं काही नव्हतंही. पंधरा दिवसांत माझा ‘हं’ इतका पक्का झाला की मी म्हणेन तो आकडा काढून दाखवला असता.

गुरुवारी चारशे पासष्ट, शुक्रवारी पुन्हा तीनशे साठ. सलग तीन दिवसांचा प्रश्नच नाही. स्कूटरही माझी, फोनही माझा. कधी बारा मिनिटं, कधी वीस. मी बुधवारपासूनच काय काय बोलायचं ते ठरवून ठेवायची.

तेव्हाच मला एक जुनी मुलगी आठवली. मुद्दाम आठवली नाही, बोट वर धरून ‘हं’ म्हणताना आठवली. ती खर्डा गावची होती, आमच्या बोर्डिंगमध्ये राहायची. आईबाप ऊसतोडीला, सहा-सहा महिने कारखान्यावर. अंगाने काडी, पण पहिली तीस पावलं अशी टाकायची की बाकीच्या तिथेच हरायच्या. त्या वर्षी ती प्रत्येक शर्यत जिंकली. माझी एक पद्धत होती. जिंकलेल्या मुलीची पाठ थोपटायची आणि तिला प्रमाणपत्राच्या टेबलाकडे पाठवून द्यायचं, तिला आता माझी काय गरज. हरलेलीजवळ मात्र मी मैदानातच बसायची. तिच्या बुटाच्या नाड्या सोडायच्या, लिंबूपाणी द्यायचं, पोटऱ्या चोळून द्यायच्या. त्या वर्षात त्या मुलीजवळ मी एकदाही बसले नाही. बसायची वेळच आली नाही.

जिल्ह्याच्या शेवटच्या शर्यतीत मी फळ्या आपटल्या, बाकी सात जणी निघाल्या आणि ती एक क्षण तशीच राहिली. मग निघाली. चौथी आली. माझा संताप झाला. मी जवळ बसले नाही, उभ्यानेच म्हणाले, “पायाला मेंदी लावली होती का?”

ती खाली बसली होती. बुटाच्या नाड्यांना हात न लावता माझ्याकडे वर बघत म्हणाली, “मुद्दाम थांबले हुते, बाई.”

“हरल्यावर सगळ्यांना असंच सुचतं,” मी म्हणाले आणि पुढच्या शर्यतीची फक्की बघायला निघून गेले. का थांबलीस, हे विचारायचं मला सुचलं नाही. पुढच्या वर्षी ती बोर्डिंगमध्ये परत आली नाही. इतकी वर्षं मी ती गोष्ट नाटकी मुलीची म्हणून सांगत होते. ती का थांबली ते मला केडगावच्या खुर्चीत कळलं आणि फार लाज वाटली. लाज वाटली तरी गुरुवारचा ‘हं’ मी सोडला नाही.

जानेवारीच्या शेवटी एका गुरुवारी मी चारशे अडुसष्ट पाठवले. फोन आला. दोन मिनिटं झाली असतील, मी यजमानांच्या दगडावर नाव पुन्हा रंगवून घ्यायचं म्हणत होते, तेवढ्यात तो म्हणाला, “आई, दुसरा फोन येतोय, नंतर करतो.” नंतर म्हणजे कधी ते मी विचारलं नाही. दिवसभर मोबाईल ओट्यावर, मग बाथरूमच्या बाहेर, मग उशीशी ठेवला. फोन आला नाही.

मला राग आला. राग आला की माझा हिशेब चुकतो, हे माझ्या यजमानांचं मत. शुक्रवारी सकाळी मी पुन्हा ‘हं’ म्हटलं. चारशे ब्याऐंशी. पाठवून दिला. बघू कसा करत नाही फोन. फोन आला नाही. ‘बघतो’ एवढाच निरोप आला. मी मनात म्हटलं, बघ बाबा, तुझ्या सवडीने बघ. दोन दिवस झाले होते, पण तिसरा दिवस माझ्या हातात होता. शनिवारी खरा आकडा पाठवायचा आणि विषय संपला.

शनिवारी सकाळी मी मुद्दाम जरा उशिरा खेळायचं ठरवलं, नीट तयारीने. हात शेकला, बोटं मोकळी केली. खुर्चीत बसणार तोच खालून वहिनींचा आवाज आला.

“बाई, तुमचा ल्योक आलाय बगा.”

मी गॅलरीत आले. खाली त्याची गाडी उभी होती. एकटाच होता. पुण्याहून पहाटेच निघाला असणार. हातात रक्तदाब मोजायचं यंत्र. मला इतका आनंद झाला की मी दार उघडण्याआधी गॅसवर कुकर चढवला. तो आला, वाकून नमस्कार केला, मी त्याला पोहे खायला लावले. त्याचे केस कानाजवळ पांढरे झालेत, फोनवर हे कळत नाही. पोहे खाऊन झाल्यावर त्याने ताटली स्वतः धुतली आणि माझ्यासमोर येऊन बसला.

“आजचं केलंस?”

“नाही अजून.”

“माझ्यासमोर कर.”

मी मोबाईल घेतला. मनगट मांडीवर, बोट दाण्याइतकं वर. घाबरायचं काही कारण नव्हतं, खरं खेळायचं होतं. लाल झालं. मी बोटाकडे लक्ष ठेवलं. हिरवं झालं.

हं.

चारशे नव्वद. मी म्हटलं, पहिला डाव आहे. दुसऱ्या वेळी मी ‘हं’ न म्हणण्यावर लक्ष ठेवलं आणि त्या नादात तो मोठा आला, पाचशे दहा. तिसऱ्या वेळी लाल असतानाच बोट टेकलं. पुन्हा केलं, चारशे सत्तर. मुलगा माझ्या बोटाकडे बघत होता. मी जशी मुलींच्या टाचांकडे बघायची, तसा. हिरवं झालं की माझ्या आत कुणीतरी ‘हं’ म्हणत होतं आणि त्याची परवानगी आल्याशिवाय बोट हलत नव्हतं. दीड महिना मी ज्याचा सराव केला होता, तेच मला येत होतं. हे एखाद्या दुसऱ्या बाईला कळलं नसतं तर समजू शकते. पण पी.टी.च्या बाईला कळायला हवं होतं. चुकीची सुरुवात करणाऱ्या मुलीला मीच सांगायची, रोज चुकीचं करशील तर शर्यतीच्या दिवशी बरोबर कुठून येईल.

सरासरी चारशे सत्याऐंशी. तीन दिवस झाले.

खिळ्याला टांगलेल्या किल्लीकडे त्याने बघितलं. तेव्हा मी सगळं सांगून टाकलं.

“मी मुद्दाम उशिरा दाबत होते. दर गुरुवारी.”

“मुद्दाम? कशाला?”

“आकडा वाईट आला की तुझा फोन येतो. चांगला आला की अंगठा येतो.”

मला वाटलं, आता तो चिडेल, किंवा हसेल. काहीही चाललं असतं. त्याने माझा हात हातात घेतला आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, “आई, गाडीसाठी असं काहीही बोलू नकोस गं. वय झालं की होतं. त्यात लाजण्यासारखं काही नाही.”

“आज मुद्दाम नव्हतं,” मी म्हणाले. “आज मी खरं खेळत होते.”

“तेच तर,” तो म्हणाला.

मैदानात बसून वर बघणारी ती खर्ड्याची मुलगी मला दिसत होती. तिने तर लगेच खरं सांगितलं होतं, आणि मी तिचा हातसुद्धा धरला नव्हता. माझ्या मुलाने हात धरला, म्हणजे तो माझ्यापेक्षा चांगलाच म्हणायचा.

दुपारी आम्ही वांग्याची भाजी आणि भाकरी जेवलो. तो भरपूर बोलला. चार वाजता निघताना त्याने किल्ली खिशात टाकली, स्कूटरवर आच्छादन घातलं, टायरपाशी वीट लावली आणि वहिनींना सांगितलं, आईला कुठे जायचं असलं तर रिक्षा बोलावून द्या. वहिनी माझ्याकडे न बघता बरं म्हणाल्या. मला म्हणाला, “आता मला काळजी नाही.” हे तो खरंच बोलला. त्याची गाडी गल्लीच्या तोंडाशी वळून पुणे रस्त्याला लागेपर्यंत मी फाटकात उभी होते.

गुरुवारी फोन आला. त्यानंतरच्या गुरुवारीही आला, सहा मिनिटं. तिसऱ्या गुरुवारी त्याला बैठक होती. चौथ्या गुरुवारी मीच केला आणि त्याने विचारलं, काय झालं, आणि मी म्हणाले, काही नाही, सहज. त्याचा काही दोष नाही. इतके दिवस त्याला फोन करायला लावणारी त्याची काळजी होती, आणि काळजी मिटलेली आहे. ती स्कूटरच्या किल्लीबरोबर पुण्याला गेली.

रविवारी मी रिक्षाने जाते. रिक्षावाला कबरस्तानापाशी थांबायला कुरकुर करतो, म्हणून हल्ली तिथे महिन्यातून एकदाच जाणं होतं. मैदानावर जाणं बंदच झालं. नुसतं कडेला उभं राहायला रिक्षा करून जाणं बरं दिसत नाही. खाली उतरले की आच्छादनावरून हात फिरवते. वहिनी एकदा म्हणाल्या, “पुसून ठिवते मी, तुमी नका वाकू.” त्या खरंच पुसतात. आरसासुद्धा पुसतात.

खेळ मात्र मी सोडला नाही. आता मला कुणी सांगितलेलं नाही, फोटो कुणी मागत नाही, पण मला तो ‘हं’ बाहेर काढायचा होता. फार हट्टी निघाला. पहिले काही दिवस चारशे ऐंशीच्या खाली येईना. मग मी मुलींसाठी करायची तसं केलं, सुरुवातीपासून सुरुवात. बोट न उचलता नुसतं बघायचं. मग एकच डाव, मग दोन. रोज दहा मिनिटं, जास्त नाही. हळूहळू चारशे चाळीस, चारशे दहा. मार्च संपताना एका गुरुवारी सकाळी पाचही डाव स्वच्छ झाले. हिरवं झालं आणि बोट खाली होतं, मध्ये कुणी काही बोललं नाही. तीनशे अडतीस. माझा आजवरचा सगळ्यात चांगला आकडा.

मी उठले, पाणी प्यायले, पुन्हा बसले. मोबाईल टेबलावर सरळ ठेवला, आकड्याचा स्क्रीनशॉट काढला आणि मुलाला पाठवला. खाली काही लिहिलं नाही. बघितल्यावर त्याला कळेल, असं वाटलं.

अंगठा आला. मी बोट मागे घेतलं नव्हतं, तोवर आला. इतक्या वेळात तो आकडा कुणालाही वाचता येणार नाही, हे मी बत्तीस वर्षांच्या अनुभवाने सांगते.